पालेकरांनी आधी खून निवडले

प्रिय मिलिंद,

मालिकेतल्या वडिलांच्या भूमिकेला कंटाळलास, मालिकेचा एक एपिसोड घेऊन दिग्दर्शनात उतरावं म्हणतोस, आणि वर विचारतोस, "लोक मानतील का?" अरे, लोकांचं राहू दे. तुला सांगायचंय काय?

अमोल पालेकरांचंच बघ ना. जे. जे.त शिकलेला चित्रकार, बँक ऑफ इंडियात नोकरी, नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंच्या तालमीत घडलेला नट. 'रजनीगंधा' (१९७४), 'छोटी सी बात', 'चितचोर', आणि मग 'गोलमाल'चं फिल्मफेअर. बसस्टॉपवर मुलीकडे धड बघायचीही हिंमत नसलेला तो साधा कारकून घराघरांत आवडता झाला. हाच माणूस १९८१ मध्ये दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा करतो तो कशावर? परभणीकडच्या मानवत गावातल्या नरबळीच्या खुनांवर! 'आक्रीत'. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि त्या बळींमागचा तो मुकुटराव रंगवला स्वतः पालेकरांनीच. आपल्याच गोड चेहऱ्याला त्यांनी असं वापरलं की प्रेक्षकाला कुठे बघावं कळेना. खरं तर श्याम बेनेगलांनी 'भूमिका'त त्यांना बायकोच्या जिवावर जगणारा नवरा करून ही वाट आधीच दाखवली होती. बाकीच्यांना मात्र तो कारकूनच हवा होता.

पुढे 'अनकही'. बाप ज्योतिषी. मुलाची पहिली बायको बाळंतपणात जाणार हे त्याचं भाकीत. म्हणून प्रेयसीला वाचवायला मुलगा आधी दुसऱ्याच, मनाने अधू मुलीशी लग्न लावतो. हा भित्रा, स्वार्थी मुलगाही पालेकरच. त्यातल्या गाण्यासाठी भीमसेन जोशींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे तुला ठाऊक असेलच.

दूरदर्शनला त्यांनी कमी लेखलं नाही, हे तू विशेष लक्षात घे. 'कच्ची धूप' ही त्यांची मालिका १९८७ ची. भाग्यश्री त्यातूनच आली, आणि नट म्हणून आशुतोष गोवारीकरही होता. तोही पुढे दिग्दर्शकच झाला! नंतर पुन्हा सिनेमे: 'बनगरवाडी', र. धों. कर्व्यांवरचं 'ध्यासपर्व'. संततिनियमनासाठी नोकरी घालवून बसलेल्या माणसावर सिनेमा काढायला कोण पैसे लावतो रे? 'पहेली' (२००५) ऑस्करला भारतातर्फे गेली खरी, पण मला ती फार नटवलेली वाटते. त्याच कथेवर मणी कौलांनी केलेली 'दुविधा' कितीतरी उघडीवाघडी आणि म्हणूनच अंगावर येणारी.

तेव्हा तो एपिसोड घे. संहिता आधी मला पाठव. आणि स्वतःसाठी त्यात भूमिका ठेवू नकोस. पालेकरांना दोन्ही जमलं, तुला सेटवर साधा चहाही वेळेवर मागवता येत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास