गरोदर लेकीपासून मरण लपवू नका

संपादक महोदय,

गेल्या वर्षी मला सातवा महिना चालू असताना माझे वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले आणि ते मला तिसऱ्या दिवशी, चुलतभावाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या अक्षरांखाली त्यांचा फोटो पाहून कळले. तोवर सावडणेही उरकले होते. ‘दोन जिवांची आहेस, डोळ्यांतून पाणी काढू नकोस, बाळावर परिणाम होईल,’ असे मग येणारे-जाणारे सगळेच बजावू लागले. हे सारे मायेपोटीच होते. पण अंत्यदर्शन चुकले ते चुकलेच, वर रडण्याचीही धास्ती बसली. मी न्हाणीघरात नळ सोडून रडत असे आणि नंतर बाळ हलते का, हे पाहत पोटावर हात ठेवून बसत असे.

रडल्याने गर्भाला इजा होत नाही. काळजी करायची ती दुःख आठवडेच्या आठवडे मुरून झोप उडते, अन्न जात नाही, तपासणीलाही जावेसे वाटत नाही तेव्हा. कारण अशा नैराश्यावर उपचार झाले नाहीत, तर वेळेआधी प्रसूती होण्याचा आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा संभव वाढतो. माझ्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन दर खेपेला लिहिले गेले. वजन वाढेना, तेव्हा खजूर खायला सांगितले. घरी काय घडले आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. शेवटी एका वयस्क परिचारिकेने रक्तदाबाचा पट्टा सोडता सोडता विचारले, ‘माहेरी सगळं ठीक आहे ना गं?’ माझा बांध फुटला. त्यांनी दार लोटून घेतले आणि म्हणाल्या, ‘रड पोरी, बाप गेलाय तुझा. फक्त जेवण सोडू नकोस.’ त्या रात्री मी आईला फोन केला, तेव्हा कळले की मला त्रास नको म्हणून तीही माझ्याशी बोलताना हुंदका गिळत होती.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे आणि खासगी दवाखान्यांतही झोप, भूक आणि मन यांची चौकशी व्हावी, तसेच केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या मोफत मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकीच्या कार्डावर छापावा, अशी माझी आरोग्य विभागाला विनंती आहे. आणि घरच्यांनो, बातमी जवळच्या माणसाने शेजारी बसून, हात धरून सांगावी. प्रवास झेपेल का, हे डॉक्टरांना विचारता येते. जायचे की नाही, हे तिला ठरवू द्यावे.

– एक वाचक, ठाणे