नम्र आवाहन : चित्ररथ रस्त्यावर येण्यापूर्वी एकदा शेडमध्ये या

सप्रेम नमस्कार.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मिरवणुकीत, 17 सप्टेंबरला, आपल्या मंडळाचा चित्ररथ अंबाजोगाईकर दरवर्षी पाहतात आणि टाळ्याही वाजवतात. परंतु ज्या पत्र्याच्या शेडमध्ये तो महिनाभर आकार घेतो, तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. म्हणून यंदा मिरवणुकीपूर्वी तीन दिवस शेड सर्वांना, विशेषतः शाळकरी मुलांना, पाहण्यासाठी खुली ठेवण्याचे कार्यकारिणीने ठरवले आहे.

दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आधी लोखंडी अँगलचा सांगाडा उभा राहतो, त्यावर बांबू आणि तट्टे बांधले जातात आणि मग भिजवून, कुटून, खळीत मळलेल्या रद्दीच्या लगद्याचे थर चढतात. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून आम्ही लगद्याकडे वळलो. तो हलका आणि टिकाऊ खरा, पण पावसाळी हवेत वाळता वाळत नाही, त्यामुळे कार्यकर्त्यांना पंखे लावून रात्री जागवाव्या लागतात. वाटेत विजेच्या तारा आडव्या आल्या की मुख्य आकृतीचे शीर बिजागरीवर मागे कलते करतात, आणि चालक दर्शनी भागाआड बसून वीतभर फटीतून रस्ता पाहत असतो. सजीव देखाव्यातील मुले इतका वेळ निश्चल कशी उभी राहतात, याचे गुपित मात्र शेडमध्येच कळेल.

मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात आपण स्वामी रामानंद तीर्थ जिथे शिक्षक होते ती हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा साकारली होती. आपले अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून ओळखले जात असताना मुक्तिसंग्रामाचे हे नेते येथेही शिकवीत होते, त्यामुळे त्या देखाव्यापुढे कित्येक वृद्धांनी हात जोडले. त्या वर्षी मोंढ्यातील आपल्या अडत्यांनी ट्रॉली महिनाभर विनामूल्य दिली आणि वर डिझेलही भरले. नाव छापलेले त्यांना आवडत नाही, पण ते कोण हे आपण सारे जाणतो. वेल्डिंगवाल्या मामांनी मजुरीचा एक रुपयाही घेतला नाही. निवृत्त चित्रकला शिक्षकांनी डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन थोडेच दिवस झालेले असताना स्वामीजींचा चेहरा स्वतः रंगवला, आणि गल्लीतील काकूंनी रात्रपाळीच्या मुलांसाठी पिठले-भाकरी पाठवली. हे ऋण मंडळ कधीही विसरणार नाही.

दुसरी बाजूही लिहिणे भाग आहे. 2023 च्या प्रजासत्ताक दिनी राज्याच्या चित्ररथावर तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका पाहून आपला सर्वांचा ऊर भरून आला. मात्र गेल्या वर्षी आपल्याच गावच्या चित्ररथासाठी दारोदार फिरलेले पावतीपुस्तक चौथ्या पानापुढे गेले नाही. चित्ररथासोबत छायाचित्रे काढून घेणारे पुष्कळ होते, एवढेच नोंदवतो.

यंदाचा विषय नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेचा आहे. 30 जानेवारी 1948 रोजी निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांनी ती लुटली आणि त्या पैशांचा हिशेब चोख ठेवला. चित्ररथावर बंदुकांपेक्षा हिशेबाची वही ठळक दिसावी, असा आमचा आग्रह आहे. मंडळाचा जमाखर्चही मिरवणुकीनंतर फलकावर लावला जाईल.

शेड 13, 14 व 15 सप्टेंबर रोजी सायंकाळी 5 ते 8 खुली राहील (पहिल्या दिवशी काम अर्धवटच दिसेल). शाळांनी आदल्या दिवशी कळवावे, एका वेळी 30 मुले. अंदाजे खर्च 85,000 रुपये, जमा 31,000. देणगी रोख, धनादेश किंवा फलकावरील क्यूआर कोडने 5 तारखेपर्यंत द्यावी व कोषाध्यक्षांकडून पावती घ्यावी. ताडपत्री, दोन मोठे पंखे आणि रात्री थांबणारी चार माणसे तातडीने हवी आहेत. येताना घरातील जुनी वर्तमानपत्रे अवश्य आणावीत. गुळगुळीत कागदाची मासिके लगद्याला चालत नाहीत.

आपला नम्र,
सचिव