फेरीमागच्या हातांचे आभार

रामटेकच्या वाटेवरच्या आमच्या गावातली कलाफेरी, म्हणजे पाहुण्यांनी पायी फिरत भिंतींवरची चित्रं नि कारागिरी बघायची फेरी, एका गल्लीत सुरू झाली होती. यंदा ती पार टोलीपर्यंत, गावाकडेच्या वस्तीपर्यंत पोचली. नावं छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून कामंच सांगतो.

सगळ्यात आधी भिंती सारवणाऱ्या बायांचे आभार. शेणामातीचं सारवण पुरतं वाळेपर्यंत त्यांनी कुणाला चुन्याच्या बादलीजवळ फिरकू दिलं नाही. ओल्यावर चुना दिला की खालची माती आकसते, भेगा पडतात आणि चित्रासकट पोपडे सुटतात. चुना रात्रभर भिजवला, जुन्या लुगड्यातून गाळला, डिंकाचं पाणी घालून २ पातळ हात दिले. डिंक घालायचा राहिला तर टेकणाऱ्याची पाठ पांढरी होते!

बाणाच्या पाट्या लावणाऱ्या पोरांचेही आभार. सुतळीच्या एका गाठीवर पाटी वाऱ्याने फिरते आणि पाहुणे थेट कुणाच्यातरी गोठ्यात. यंदा पाट्या तारेने दोन जागी आवळल्या. वळणाआधी एक, वळणावर एक, वळल्यावर खात्रीची एक.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचे लाकडी नंदी कोरून दाखवणाऱ्या वाढई काकांनी लेकरांच्या हाती पटाशी दिली नाही, काचकागद दिला. लाकडाच्या रेषेनेच घासायला लावलं. शहाणपणाचं काम.

गाड्यांसाठी धान निघालेली बांधी (भाताचं खाचर) देणारे, चहा करणारे, झाडणारे, सगळ्यांचे आभार.

पाट्या समाजमंदिरात जमा झाल्यात. खांबांवर उरलेल्या तारा तेवढ्या काढून घ्या, बैलांच्या शिंगांत अडकतात.