भुंगा सापडला, पण कुठल्या झाडातून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी मृगाच्या सरी पडल्या की लांब मिशांच्या भुंग्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. एखादा फोटो गावातून तालुक्याला, तिथून वार्ताहरापर्यंत पोहोचतो आणि ‘जंगलात भुंग्याची नवी प्रजाती’ अशी चौकट छापून येते. या भुंग्यांच्या वर्गीकरणाचं काम करणाऱ्या आम्हा काही जणांना त्यावर थोडं सांगायचं आहे. बातमी जरूर द्यावी. पण सापडलेला भुंगा नवी प्रजाती ठरेपर्यंत मध्ये बरंच काम असतं, आणि त्यातला एक मोठा वाटा गावातली माणसंच उचलू शकतात. बातमीत नेमका तोच येत नाही.

या भुंग्यांचं कुळ सेरॅम्बिसिडी. जगात त्याच्या ३५,०००हून अधिक प्रजातींना नावं मिळाली आहेत, भारतात दीड हजारांच्या आसपास. नाव परकं वाटलं तरी किडा ओळखीचा आहे. सोयाबीनवरचा चक्रीभुंगा याच कुळातला. मादी खोडाला किंवा देठाला थोड्या अंतरावर दोन गोल खाचा पाडते, त्यांच्या मध्ये भोक करून अंडं आत सारते. वरचा शेंडा मान टाकतो आणि अळी आतला गाभा पोखरत खाली उतरते. आंब्याचं खोड पोखरणारा बॅटोसेरा, बाभळीच्या मुळात शिरून बुडाशी भुशाचे ढीग काढणारा सेलोस्टर्ना, दाराच्या चौकटीतून काही वर्षांनी बाहेर पडणारा स्ट्रोमॅटियम, हे सगळे त्याचे भाऊबंद.

शेतकऱ्याला माहीत असलेले हे मूठभर. बाकी बहुतेक प्रजातींच्या अळ्या मेलेल्या किंवा मरणाला टेकलेल्या लाकडात वाढतात आणि वाळल्या फांद्यांची माती करतात. पिकाच्या वाटेला जात नाहीत म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. नवं काही निघायची शक्यता त्यांच्यातच जास्त, त्यातही सेंटीमीटरभराहून लहान, मातकट रंगाच्या भुंग्यांत. फोटोत उठून दिसणारे मोठे ठिपकेवाले भुंगे केव्हाच बारसं होऊन बसलेत. आंब्यावरच्या बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटाचं नाव १७७५ सालचं आहे.

फोटोवरून फसगत होते त्याची कारणं साधी आहेत. अळीला भरपूर ओलं लाकूड मिळालं तर भुंगा मोठा निघतो, फांदी लवकर वाळली तर त्याच प्रजातीचा भुंगा निम्म्या आकाराचा. नराच्या मिशा मादीपेक्षा लांब असतात, त्यामुळे एकाच प्रजातीचे नर-मादी दोन वेगळे भुंगे वाटतात. पाठीवरची नक्षी बरेचदा बारीक लवेची असते. ताज्या भुंग्यावर ती ठसठशीत दिसते, पुढे सालीत, फांद्यांत घासून टक्कल पडतं आणि ठिपक्यांचा आकारच बदलतो. अशा घासलेल्या नमुन्यांवरून जुन्या तज्ज्ञांनीही नवी नावं दिली आहेत आणि ती नंतर मागे घ्यावी लागली आहेत.

दुसरी अडचण जुन्या नोंदींची. ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरच्या मालिकेत चार्ल्स गॅहन यांचा या कुळावरचा खंड १९०६ साली निघाला. आजही भारतातलं काम तिथूनच सुरू होतं. पण लॅमिइनी हे सर्वांत मोठं उपकुळ त्या खंडात आलेलं नाही, आणि चक्रीभुंगा, बॅटोसेरा दोघंही त्याच उपकुळातले. त्यांची वर्णनं जुन्या युरोपीय नियतकालिकांत विखुरलेली, कित्येक तर चार ओळींची. मूळ नमुने लंडन, पॅरिसच्या संग्रहालयांत. त्यामुळे ‘आपल्या यादीत नाही’ एवढ्यावरून भुंगा नवा ठरत नाही. म्यानमारमध्ये शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेला भुंगा मेळघाटात पहिल्यांदा दिसला, तर ती नवी नोंद. तिचंही मोल आहे, फक्त ती नवी प्रजाती नव्हे.

तपासणी भिंगाखाली सुरू होते. चेहरा सरळ खाली उतरलेला, तोंडाजवळच्या स्पर्शिकांचं शेवटचं पेर टोकदार आणि पुढच्या पायाच्या नळीला आतून तिरकी खाच असेल तर लॅमिइनी. ती खाच मिशा पुसायची. चेहरा तिरका आणि ते पेर बोथट असेल तर बहुधा सेरॅम्बिसिनी हे दुसरं उपकुळ. पावलाला वरवर चारच पेरं दिसतात. खरं चौथं पेर अगदी बारीक, तिसऱ्याच्या दोन पाळ्यांमध्ये दडलेलं असतं. ते मोजायचं राहिलं की नवशिका भलत्याच कुळात जाऊन पडतो. मग मापं: एकूण लांबी, खांद्याशी रुंदी, छातीच्या ढालीची लांबी-रुंदी, मिशीच्या अकरा पेरांपैकी पहिलं, तिसरं आणि चौथं. नुसते मिलिमीटर कामाचे नाहीत, कारण आकार बदलता असतो. एका अवयवाचं दुसऱ्याशी प्रमाण बरंच टिकून राहतं, म्हणून लेखात तेच द्यावं लागतं.

जवळच्या प्रजातींत शेवटचा निवाडा बहुधा नराच्या जननेंद्रियावरून होतो. वाळलेला भुंगा गरम पाण्यात मऊ करायचा, पोटाच्या टोकाकडून वाकड्या सुईने तो भाग अलगद काढायचा आणि दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर ठेवायचा. मांस-चरबी विरघळते, टणक भाग उरतो. घाईने द्रावण उकळलं किंवा नमुना त्यात दोन दिवस विसरला की पातळ पडदेही जातात, आणि फरक दाखवणारी खूण कधी कधी त्यांच्यावरच असते. धुऊन झाल्यावर ग्लिसरीनमध्ये ठेवून चित्र काढायचं आणि तो भाग चिमुकल्या कुपीत घालून ती कुपी त्याच भुंग्याच्या टाचणीला अडकवायची. वेगळ्या डबीत ठेवली तर वर्षभराने कुठली कुणाची ते सांगता येत नाही. हल्ली सोबत डीएनएही तपासतात. सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. पण जवळच्या प्रजातींचे तुकडे कुणी नोंदवलेच नसतील तर तुलना कशाशी करणार? विदर्भातल्या लहान भुंग्यांबाबत हा प्रश्न हमखास येतो.

एवढं करून भुंगा नवा वाटला तरी नाव मिळतं ते लेख प्रसिद्ध झाल्यावर. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९नंतरच्या नव्या नावासाठी लेखातच प्रमाण-नमुना, म्हणजे होलोटाइप, नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात राहील हे लिहावं लागतं. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही लागते. आपल्याकडच्या जैवविविधता कायदा, २००२च्या कलम ३९नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करायचा असतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही तशी संस्था, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. म्हणजे होलोटाइप घरच्या कपाटात ठेवून मिरवायची सोय नाही. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर किडा उचलायलाही वन विभागाची परवानगी लागते. पुढे जे सांगतो आहोत ते स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, वाडीतल्या लाकडाबद्दल. नावापुरतं सांगायचं तर गावावरून ठेवलं की शेवटी ‘एन्सिस’ लागतं. स्वतःचं नाव स्वतःच्या प्रजातीला देऊ नये असा नियम नाही, संकेत आहे, आणि तो मोडणाऱ्याला सहकारी विसरत नाहीत.

आता झाडाकडे. कित्येक प्रजातींच्या वर्णनात खाद्यवनस्पतीपुढची जागा कोरी असते. कारण बरेच नमुने दिव्यावरचे. पांढरा कपडा, १६० वॅटचा मर्क्युरी दिवा, अमावस्येच्या आसपासची कुंद रात्र असली की भुंगे मिळतात, पण कुठल्या झाडातून आले हे दिवा सांगत नाही. झाडावर बसलेला भुंगाही पुरावा धरत नाहीत. येनाच्या खोडावर दिसला म्हणजे येनच खातो असं नाही, उन्हातून सावलीला आला असेल, मादी शोधत असेल. लाकडातून बाहेर निघालेला असेल तरच नोंद पक्की. आणि लाकडाच्या बाबतीत गावचा माणूस वरचढ. पान नाही, फूल नाही, अशी हातभर वाळकी फांदी धावड्याची की गराडीची, मोहाची की तेंदूची, हे रोज सरपण आणणारी बाई सांगते. पदवीधराची तिथे पंचाईत होते.

काम उन्हाळ्यातच सुरू करावं. गेल्या हिवाळ्यात तुटलेली किंवा छाटलेली, अंगठ्यापासून मनगटाएवढ्या जाडीची फांदी घ्यावी. साल थोडी उचकटून पाहावी. खाली भुसा दाबून भरलेली नागमोडी वाट दिसली की अळी आत आहे असं समजावं. या अळ्यांचा भुसा बहुतेक वेळा जाडसर, तंतू-तंतूंचा असतो. मैद्यासारखी पूड गळत असेल तर ते बरेचदा दुसऱ्याच किड्याचं काम.

फांदीचे हातभर तुकडे करून तेलाच्या पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्यात उभे ठेवावेत. एका डब्यात एकाच झाडाचं लाकूड. दोन झाडं मिसळली की नोंद बाद, मग भुंगा कितीही नवा असो. तोंडाला बारीक लोखंडी जाळी तारेने आवळावी. कापड बांधलं तर भुंगा ते कुरतडून निघून जातो, त्याच्या जबड्यांनी लाकूड फोडलेलं असतं. प्लास्टिकने झाकलं तर आत घाम धरतो, बुरशी येते, अळ्या मरतात. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो, म्हणून डबा गोठ्यात किंवा पडवीत ठेवावा. आठ-पंधरा दिवसांनी पाण्याचा हलका शिपका पुरे. लाकूड ओलं दिसलं म्हणजे पाणी जास्त झालं. मुंग्या ही खरी डोकेदुखी, त्या शिरल्या तर अळी, कोष काही शिल्लक ठेवत नाहीत. डबा विटेवर आणि वीट पाण्याच्या परातीत, एवढ्याने भागतं. पहिल्या पावसापासून रोज डोकावावं. काही भुंगे दुसऱ्या वर्षी निघतात, तेव्हा पोळा झाला की लाकूड चुलीत घालू नये. मधेच बारीक गांधीलमाश्या निघाल्या तर त्याही ठेवाव्यात. त्या बहुधा अळीवर जगणाऱ्या असतात, आणि त्यांच्याबद्दल माहिती आणखीच कमी.

निघालेला भुंगा एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा, रंग आणि कवच पक्कं होतं. मग डबीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये. स्पिरिटमध्ये बुडवला तर लव चिकटून नक्षी बिघडते. एथिल अ‍ॅसिटेटने मारला तर डीएनए खराब होतो. काडेपेटीत कोंबला तर मिशा तुटतात, आणि मग पेरांची मापं कशाची घेणार? कागदी रुमालाच्या दोन घड्यांमध्ये, मिशा पाठीवरून मागे वळवून, टणक डबीत ठेवावा. डांबरगोळी कापसात गुंडाळून कोपऱ्यात चिकटवावी. मोकळी टाकली तर तीच गडगडत जाऊन पाय मोडते. टाचणी मारायचीच तर उजव्या पंखातून, मधोमध मारली की पंखांच्या बेचक्यातला त्रिकोण फुटतो, आणि वर्णनात तो लागतो.

सोबत चिठ्ठी, तीही पेन्सिलने, कारण बॉलपेनची शाई ओल लागली की पसरते. गाव, तालुका, जिल्हा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, झाडाचं नाव मराठी, गोंडी, कोरकू जे चालत असेल ते, लाकूड आणल्याची तारीख, भुंगा निघाल्याची तारीख आणि आणणाऱ्याचं नाव. दोन्ही तारखा हव्यात, त्यावरून अळी आत निदान किती काळ होती ते कळतं. आणणाऱ्याचं नाव नमुन्यांच्या यादीत छापून येतं, त्यामुळे ते लिहायला संकोच नको. हीच माहिती ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीतही चढवता येईल. ‘विदर्भ, जून’ एवढंच लिहिलेला नमुना कपाटात नुसती जागा अडवतो.

आपल्या वार्ताहरांना विनंती अशी, की कुणी नवी प्रजाती म्हटलं तर लेख कुठे प्रसिद्ध झाला, होलोटाइप कुठे ठेवला आणि ही प्रजाती कुणापासून कशाने वेगळी, एवढं विचारून घ्यावं. उत्तरं नसतील तर ‘अनोळखी भुंगा आढळला’ ही बातमीसुद्धा चांगलीच आहे. ‘दुर्मीळ’ हा शब्द जपून वापरावा. एकच नमुना मिळाला याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की आजवर कुणी शोधलं नाही. ‘पिकांना धोका’ तर पुराव्याशिवाय अजिबात छापू नये. चक्रीभुंग्याने पोळलेला शेतकरी तशी ओळ वाचली की फवारणीचा पंप काढतो, आणि वाळल्या सालईत वाढणाऱ्या किड्यासाठी विनाकारण खर्च होतो.

आणि फोटो छापताना निदान तीन असावेत: एक वरून, एक बाजूने, एक चेहऱ्याचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. चौथा त्या फांदीचा, सालीसकट.

कळावे,
आपले,
लांब मिशांच्या भुंग्यांचे काही अभ्यासक,
जि. चंद्रपूर व गडचिरोली