तळमजला तेवढा नको

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही सांगलीत बसून टोकियोची काळजी करू नका." तुझी आई समोरून डोळे वटारत होती, म्हणून मी गप्प बसलो. घर तिथल्या निशिकासाई भागातच घ्या, माझी ना नाही. निखिलरावांचं ऑफिस ओतेमाचीला, तोझाई मेट्रो लाइनने एका गाडीत पंधराएक मिनिटं. तूरडाळ, कढीपत्ता कोपऱ्यावर मिळतो. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली त्याच एदोगावा वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आले. ग्योसेन पार्कात लहानसं प्राणिसंग्रहालय आहे, तेही फुकट. ओवीला सशांना हात लावता येईल. हे सगळं मी वाचलंय. तुला वाटतं तेवढा आडमुठा नाही मी.

फक्त तळमजला नको.

ओवी उड्या मारते, खालचे तक्रार करतील, म्हणून मुलंबाळं असलेले तिथे मुद्दाम खालचं घर घेतात, हे तुझं पटलं. जाहिरातीत 'पहिला मजला' लिहिलंय तो आपला तळमजलाच, हे निखिलरावांनीच सांगितलं. पण त्या वॉर्डाची सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे गं. एकीकडे आराकावा नदी, दुसरीकडे एदोगावा नदी, पुढे समुद्र. २०१९ मध्ये वॉर्डानेच पुराचा नकाशा काढला आणि मुखपृष्ठावरच छापलं की इथे थांबू नका. सरकारी ऑफिस स्वतःच्याच गावाबद्दल असं लिहितं, तेव्हा ते गमतीने लिहीत नसणार. पाणी दोन आठवडेसुद्धा तुंबून राहू शकतं, असंही त्यात आहे. त्याच ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं आणि लोकांना घरं सोडायला सांगितलं. आराकावाचा बांध टिकला, हेही खरं.

त्याच वर्षी ऑगस्टात आपल्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. तू पुण्याहून फोन करून रडत होतीस. पाणी दारातून येईल म्हणून मी उंबऱ्याशी पोती लावत बसलो, आणि ते आलं मोरीच्या जाळीतून. आधी बुडबुडे, मग झुरळं, मग काळं पाणी. आत्या पेटीशिवाय होडीत बसेना. शेवटी होडीवाल्या पोरानेच पेटी डोक्यावर घेतली. अण्णांच्या कपाटाचं दार अजून लागत नाही, ते तू बघितलंयसच.

सांगायचं होतं भलतंच. खाजगी मालक परदेशी भाडेकरू म्हटल्यावर नाही म्हणतात, त्याचा मनस्ताप करून घेऊ नकोस. यूआरची सरकारी घरं बघ. तिथे मालकाला नजराणा द्यावा लागत नाही, जामीनदार लागत नाही, कराराच्या नूतनीकरणाचे पैसे नाहीत. थोडी जुनी असतात, म्हणून इमारत १९८१ च्या भूकंपाच्या नियमांनंतरची आहे का, ते विचार. अर्थात हे तुला मी काय सांगायचं! करारनाम्याची जपानी पानं तू स्वतः वाचतेस, हे मी कट्ट्यावर सगळ्यांना दोन-दोनदा ऐकवलंय. कुलकर्णी आता विषय बदलतात.

टोकियोतलं किचिजोजीही बघितलं नकाशावर. पठारावर आहे, इनोकाशिरा बाग शेजारी, आणि तोझाईच्या काही गाड्या थेट तिकडून येतात. मग भाडं बघितलं आणि नकाशा मिटला. तरी चार पैसे कमी पडत असतील तर सांग, संकोच करू नकोस. तुम्ही घेणार नाही, माहीत आहे.

पुन्हा प्रवचन झालं. आई म्हणतेच, यांना पत्र लिहायला देऊ नका. पण ऐक, वरचं घर घेतलंस तर पहिल्याच दिवशी खालच्यांकडे मिठाईचा पुडा घेऊन जा, ओवीलाही ने. तिकडे तशी रीतच आहे. पोरीला एकदा समोर बघितलं की तिच्या उड्या सोसतात माणसं. आई जाड गोधडी शिवतेय, खोलीचं माप कळव.

तुझा,
बाबा

ता.क. फार वरचाही नको. भूकंपात लिफ्ट आपोआप बंद होते म्हणे, ओवीला कडेवर घेऊन किती जिने चढशील? तिसरा-चौथा बघ. त्यांचा चौथा, म्हणजे आपला तिसरा.