‘गोळ्या सोडू नकोस’ हे महाराजांनी सांगितलं तर माणूस ऐकतो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

घरातलं माणूस विचित्र वागायला लागलं, झोपेना, बरळायला लागलं की आपल्याकडं लोक आधी देवाकडं जातात, डॉक्टरचं नाव नंतर निघतं. कोण सिद्धेश्वराला जातं, कोण अक्कलकोटला, कोण दर्ग्यावर, कोण चर्चमधे प्रार्थना करून घेतं. त्यात मला काही चूक वाटत नाही, घाबरलेलं घर जिथं आधार वाटतो तिथंच जाणार ना. म्हणूनच हे पत्र मी डॉक्टर लोकांसाठी नाही तर कीर्तनकार, पुजारी, मौलाना, पास्टर आणि भजनी मंडळांसाठी लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार तेजीत तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार. गोळ्या सुरू होत्या, बरं चाललं होतं, यंत्रमागावर कामाला पण जायला लागला होता. मग नात्यातल्या कुणीतरी त्याला एका ठिकाणी नेलं, नाव लिहीत नाही, तिथल्या माणसानं ताईत बांधला, ते ठीक आहे, पण वर सांगितलं की आता गोळ्या बंद कर, गोळ्या खातोस म्हणजे तुझी श्रद्धा कच्ची. भावानं त्या दिवसापासून गोळ्या घेतल्या नाहीत, आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा रात्र रात्र जागून गल्लीत पैसे वाटत फिरायला लागला, शेवटी ॲडमिट करावं लागलं. डॉक्टरांनी चार वेळा सांगितलेलं त्या एका वाक्यापुढं टिकलं नाही. मग तेवढीच ताकद उलट्या बाजूनं का लावू नये? कीर्तनात, जुम्म्याच्या बयानात, रविवारच्या उपासनेत एवढंच सांगा की गोळी चालू ठेव आणि प्रार्थनाही कर, दोन्हीचं भांडण नाही. बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत बायपोलर असलेल्या दहातल्या साधारण सात जणांना उपचारच मिळत नव्हते. गुजरातमधे उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ म्हणून काम झालंय, तिथं मुजावरांना आजार ओळखायला शिकवलं आणि दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची ओपीडी सुरू केली, माणूस दुआ मागायला येतो आणि औषध पण घेऊन जातो. आपल्याकडं सोलापुरात वैशंपायन मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, सिव्हिल हॉस्पिटल गावातच आहे, मग इथल्या देवस्थानांना हे जमायला काय हरकत आहे?

आता उपवास आणि जागरण. ह्याबद्दल कुणी बोलतच नाही. बायपोलरवर देतात ती लिथियम नावाची गोळी चालू असलेल्या माणसानं पाणी कमी प्यायलं, मीठ एकदम तोडलं की रक्तातलं लिथियम वाढतं, मग उलट्या जुलाब, हात जोरात थरथरणं, तोल जाणं, वेळेत लक्षात आलं नाही तर जिवावर बेततं. निर्जळी एकादशी, सोलापूरच्या उन्हाळ्यातला रोजा, भर उन्हात चालणं, हे त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देऊ नका. आजारी माणसाला रोज्यातून सूट कुराणातच दिलेली आहे, आणि एकादशीला पाणी प्यायलं म्हणून विठोबा रागावत नाही हे गुरुजींनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, घरच्यांनी सांगून ते पटत नाही. तसंच रात्रभराचं जागरण. बायपोलरवाल्याची झोप मोडली की तेजीचा झटका येऊ शकतो, त्याला दहा वाजता घरी पाठवा आणि उद्या सकाळी प्रसादाला बोलवा. पहाटे काकड्याला आला नाही तर आळशी म्हणू नका, रात्रीच्या गोळीनं डोळेच उघडत नाहीत त्याचे.

भावाच्या मंडळात एक आजोबा विणेकरी आहेत. औषधामुळं भावाच्या हाताला थोडा कंप असतो, टाळ हुकायला लागला तेव्हा पोरं एकमेकांकडं बघायची. आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी टाळांची पिशवी भावाच्या ताब्यात दिली. सतरंज्या अंथरायच्या, भजन संपलं की सगळे टाळ मोजून, पुसून, दोऱ्या बघून पिशवीत भरायचे आणि घरी आणायचे. एका गुरुवारी तो गेलाच नाही, तर आजोबांनी नातवाला घरी पाठवलं, टाळ कुठंयत विचारायला. पोरगं आत आलं तर भाऊ भिंतीकडं तोंड करून पडलेला, दोन दिवस जेवला नव्हता, आणि आम्हाला वाटत होतं कामानं थकलाय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं नेलं, ह्यावेळी ॲडमिट करायची वेळ आली नाही. त्याच्या हातात काम होतं म्हणून तर तो आला नाही हे कुणाच्या लक्षात आलं! माझं म्हणणं हेच आहे, दया नको, काम द्या, आणि आला नाही तर विचारायला या.

शेगावची पालखी सोलापुरात येते तेव्हा अख्खं गाव अनोळखी वारकऱ्यांचे पाय चेपायला, जेवू घालायला धावतं, मला त्याचा फार अभिमान आहे. तेच लोक शेजारच्या घरात कुणाला ‘डोक्याचा आजार’ आहे कळलं की उंबरा ओलांडत नाहीत, ह्याचं मात्र फार वाईट वाटतं. घरातलं दुसरं माणूस, आई असेल, बायको असेल, ती वर्षानुवर्षं एकटीच जागी असते. तिला तासभर बाहेर पडता यावं म्हणून महिला मंडळातली एक बाई येऊन बसली तरी केवढं होतं.

आणि साखळीनं बांधणं, भूत उतरवायला मारणं, मिरचीची धुरी, हे कुठंही दिसलं तर देवस्थानानंच थांबवायला पाहिजे. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या खासगी आश्रयगृहाला आग लागली, साखळ्यांमुळं पळता आलं नाही, २८ माणसं गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला बंदी आहे, आणि आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण गुन्हा आहे.

देणगीदारांची नावं जिथं लावता त्याच फळ्यावर १४४१६ हा टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. श्रावणात देवळांत गर्दी वाढते, त्याआधी लिहिलात तर फार लोकांच्या नजरेला पडेल.

आपली,
एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर