मस्कोगी भाषा घरात परतावी

संपादक महोदय,

अमेरिकेतील मस्कोगी (क्रीक) या मूळनिवासी लोकांना १८३०च्या दशकात अलाबामा-जॉर्जियातून बळाने हुसकावून आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आले, तरी त्यांची भाषा टिकली. ती खरी खचली ती निवासी शाळांत स्वभाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्यावर, कारण तो मार सोसलेल्या अनेकांनी पुढे आपल्या लेकरांशी इंग्रजीतच बोलणे पत्करले. आज ओक्लाहोमातल्या ओकमल्गी येथील मस्कोगी नेशनच्या (या लोकांच्या स्वशासनाच्या) महाविद्यालयात ही भाषा शिकवली जाते, हे स्वागतार्हच आहे. तथापि वर्गातली भाषा घरात उतरण्यासाठी ती अस्खलित बोलणारे आजी-आजोबा आणि लहान मुले रोज एकत्र असावी लागतात. म्हणून माझ्या मते भाषा जपण्यासाठीच्या निधीचा मोठा वाटा पाठ्यपुस्तकांपेक्षा (तीही हवीतच) अशा वृद्धांच्या मानधनावर आणि पाळणाघरांवर खर्च व्हावा.

— एक वाचक, नाशिक